पार्सलबाईंचा अठरा किलोंचा डोंगा

पार्सलबाईंच्या हातात काहीही दिलं तरी त्या आधी ते तळहातावर दोनदा वरखाली करायच्या आणि मगच काय दिलंय ते बघायच्या. दिवाळीच्या फराळाचा डबा असो, देवळातला नारळ असो, कुणी हौसेने दिलेलं पुस्तक असो, आधी वजन, बाकीचं नंतर. गल्लीतल्या एका बारशाला बाळ हातोहात फिरत होतं. कुणी म्हणत होतं नाक बापाचं, कुणी म्हणत होतं कपाळ आजीचं. पार्सलबाईंनी बाळाला घेतलं, हलकेच तोललं आणि जाहीर केलं, "तीन किलो नऊशे." बाळाच्या बापाने खिशातून दवाखान्याचा त्याच सकाळचा कागद काढला. त्यावर तीन किलो आठशे लिहिलेलं होतं. "बरोबर आहे," बाई म्हणाल्या, "शंभर ग्राम झबल्याचे आन् टोपऱ्याचे." आणि जेवायला जाऊन बसल्या.

रेल्वेच्या पार्सल ऑफिसात त्यांनी तीसेक वर्षं काढली होती. काटा बिघडला की साहेब मिस्त्रीला नंतर बोलावत आणि बाईंना आधी, असं त्यांच्याबरोबर काम केलेले लोक सांगत. नागपूरच्या प्रताप नगरातल्या घरात तळमजल्यावर त्या, त्यांचा धाकटा भाऊ वसंतराव आणि भावजय सुमनकाकू राहायचे. वर भाडेकरू म्हणून मी, मीनल. मी तेव्हा मिहानमधल्या एका कंपनीत नोकरीला होते. गल्ली त्यांना मागून पार्सलबाई म्हणायची, समोर मी आत्या म्हणायचे. मागून काय म्हणतात ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. "म्हणू दे ना. पार्सल म्हणजे नीट बांधलेली वस्तू. त्यात वाईट काय वं?" असं त्यांचं मत होतं.

त्या जाऊन आता दोन वर्षं होतील. मीही नागपूर सोडलं. अजून कुठे प्रवासाला निघताना बॅग उचलली की मी मनात एक आकडा म्हणते, आणि तो दर वेळी सपशेल चुकतो.

उंची जेमतेम पाच फूट, अंगाने काडी, आणि आवाज मात्र फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा. निवृत्तीनंतर साड्या कपाटात गेल्या आणि सलवार-कुर्ता, खाली पांढरे कॅनव्हासचे बूट असा वेश आला. सुमनकाकूंना तो अजिबात पसंत नव्हता. "ताई, निदान हळदीकुंकवाला तरी चपला घाला," त्या म्हणायच्या. बाई बूट घालूनच जायच्या आणि दारात सगळ्यात जास्त वेळ लेस सोडत बसायच्या.

डोंग्याचं प्रकरण सुरू झालं ते कुलरवरून. आमच्याकडे उन्हाळा लागला की माळ्यावरचा कुलर खाली उतरवणं हा एक सार्वजनिक कार्यक्रम असतो. त्या वर्षी बाई स्टुलावर चढल्या आणि कुलरला हात घातला. तेवढ्यात वसंतराव धावत आले, समोरचे देशपांडे आले, इस्त्रीवाला इस्त्री टाकून आला. "आत्या, सरका, सरका," म्हणत सगळ्यांनी मिळून कुलर उतरवला, वर बाईंनाही उतरवलं. संध्याकाळी बाई माझ्याकडे वर आल्या आणि मोबाइल पुढे धरला.

"हे पाह्य."

कुठल्या तरी थंड देशातली एक पिकल्या केसांची बाई होती. डोक्यावर उलटी धरलेली होडी, ती खांद्यांवर टेकवलेली. जंगलातल्या वाटेने ती एकटीच चालत होती. एक तळं संपलं की होडी डोक्यावर घ्यायची, चालत पुढच्या तळ्याला जायचं, होडी पाण्यात सोडायची, रात्री काठावर तंबू ठोकायचा.

"छान आहे," मी म्हटलं.

"छान नाही वं. नीट पाह्य. हिच्या मागं कोणी नाही."

मी पुन्हा पाहिलं. खरंच कुणी नव्हतं.

"मी जन्मात एक रात्र एकटी राहिली नाही," बाई म्हणाल्या. "लहानपणी आम्ही सहा भावंडं एका खोलीत. मग हॉस्टेल, एका खोलीत चौघी. मग आईचं आजारपण, बारा वर्षं तिच्या खाटेजवळ. आता हे दोघं. मले कोणाचाच राग नाही. पण एकदा पाहायचं आहे, एकटं राहून कसं वाटते ते. डोंगा मी उचलीन, डोंगा मी वल्हवीन, आन् एक रात्र कोणी नाही."

त्यांचं गाव भंडाऱ्याकडचं, तळ्याकाठचं. तिथले ढिवर मासेमारीला जी लहान होडी वापरतात तिला डोंगा म्हणतात. बाईंनी त्या परदेशी होडीलाही पहिल्या दिवसापासून डोंगाच म्हटलं.

मग आमचं होडीसंशोधन सुरू झालं. ऑफिसातून दमून आले की लॅपटॉप उघडून मी वाचायचं आणि त्यांनी जुन्या लांबट रजिस्टरात लिहायचं. त्यांची एकच अट होती आणि ती पहिल्या पानावर लाल शाईने लिहिलेली होती: एकटीला उचलता आला पाहिजे. बाकी रंग, रूप, बैठक सगळं मागाहून. त्यामुळे माझी पंचाईत अशी व्हायची की मी एखादी देखणी होडी दाखवायला जावं आणि त्यांनी चित्राकडे न बघताच विचारावं, "वजन?" ते पानाच्या पार तळाशी सापडायचं. बाई म्हणायच्या, "वजन खाली लिहिलं म्हणजे लपवून राहिले. पार्सलवर वजन वर असते."

महिनाभरात त्या माझ्यापुढे निघून गेल्या. लांब होडी सरळ जाते आणि कमी दमवते, पण वाऱ्यात वळवताना जीव काढते. आखूड होडी चटकन वळते, पण नाक सतत इकडे-तिकडे फिरवते. रुंद असली तर डुलत नाही, पण मग वल्हं मारायला हात पुरत नाहीत. "लांब डोंगा सरळ जाते, आखूड डोंगा ऐकते. मले दोन्ही थोडं थोडं पाहिजे," असं म्हणून त्यांनी बारा फुटांवर खूण केली. हवा भरायची होडी त्यांनी दोन मिनिटांत निकालात काढली. वजनाला ती बरी होती, पण आमच्याकडच्या तळ्यांच्या काठाला बाभळी आहेत, आणि बाभळीच्या काट्यासमोर फुग्याचं काय चालणार? प्लास्टिकची होडी पंचवीस किलोंच्या खाली येईना. गोळीरोधक जॅकेटांच्या कापडाची एक परदेशी होडी बारा किलोंची होती. ती मात्र त्या रोज एकदा बघायच्या. पण तिला समुद्रातून यायला लागणारे महिने, कागदपत्रं आणि एकूण नखरे पाहून म्हणाल्या, "ती येईपर्यंत मीच म्हातारी होऊन जाईन." तेव्हा त्या बासष्ट वर्षांच्या होत्या.

किती किलो उचलता येईल हा प्रश्न त्यांनी वाचून सोडवला नाही. गच्चीवर गव्हाची पिशवी नेली. दहा किलोंपासून सुरुवात केली, रोज सकाळी पिशवी जमिनीवरून उचलायची, खांद्यांवर घ्यायची आणि गच्चीला फेऱ्या मारत दोनशे पावलं चालायचं. दर आठवड्याला एक किलो वाढवायचा. समोरच्या गच्चीवरून हे दिसत होतं. गल्लीत बातमी अशी पसरली की पार्सलबाईंनी धान्य डोक्यावर घेऊन प्रदक्षिणेचा नवस बोललाय. एक दिवस देशपांडेकाकू माझ्याकडे येऊन हळूच विचारून गेल्या की देव कोणता. गल्लीतल्या दुसऱ्या एकीने तर बाई गच्चीवरून उतरताना त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि मुलीच्या लग्नाचं बघा म्हणाली. बाईंनी तिलाही तोलल्यासारखं पाहिलं आणि "होईल, होईल" म्हणून वाटेला लावलं. सतरा किलो सहज झाले. अठरा किलोंना पावलं मोजून दोनशे झाली. एकोणीसला गुडघा बोलला. रजिस्टरात आकडा पक्का झाला: अठरा. "अठरा म्हणजे अठरा. सव्वाअठरा नाही."

आता अठरा किलोंचा डोंगा कुठे मिळेना, तेव्हा बाईंना गुलाबभाऊ आठवले. जुन्या महाल भागातल्या एका बोळात त्यांचं फायबरचं काम होतं. कुलरची बॉडी, पाण्याच्या टाक्या, बागेतल्या घसरगुंड्या. एकदा मिरवणुकीसाठी त्यांनी हत्ती केला होता आणि तो अजून बोळाच्या तोंडाशी उभा होता. आमच्या घरचा कुलरही त्यांचाच. गुलाबभाऊंनी बाईंनी काढलेलं चित्र बघितलं, आडवं धरलं, उभं धरलं आणि म्हणाले, "ताई, हत्ती बनवला आपण. डोंगा काय चीज आहे?"

"अठरा किलो, गुलाबभाऊ. त्याच्यावर नाही."

"टेन्शन नका घेऊ."

फळ्यांच्या फासळ्या कापून आधी साचा झाला. बाई दर रविवारी महालात जाऊन बसायच्या. आधी फायबरचं कापड तोलायच्या, मग ते चिकटवायच्या रेझिनचा डबा तोलायच्या. गुलाबभाऊ चहा मागवायचे. दोन महिन्यांनी फोन आला, डोंगा तयार आहे. आम्ही गेलो. बोळात हत्तीशेजारी तो ठेवला होता. दोन्ही टोकं निमुळती, पोट गुळगुळीत, आणि रंग कुलरचा निळा, कारण दुकानात तोच होता. मला भरून आलं. बाई पुढे गेल्या, एक टोक धरून वीतभर उचललं आणि खाली ठेवलं.

"एकतीस," त्या म्हणाल्या.

काट्यावर साडेएकतीस भरला.

"गुलाबभाऊ, मी अठरा सांगितले होते."

गुलाबभाऊंचा चेहरा खुलला. "ताई, अठराचाच होत होता. पण मी म्हटलं, आपल्या ताई पाण्यात जाणार, एकट्या जाणार, जिवाची गोष्ट आहे. म्हणून दोन थर माह्याकडून जास्त टाकले. त्याचे काही घेत नाही तुमच्याकडून. आता याच्यावर ट्रक जरी गेला तरी काही होत नाही."

"ट्रक काहून जाईल तळ्यात?"

"मजबुती म्हणतो मी."

"आन् उचलीन कशी मी?"

"त्याचं काय टेन्शन आहे? दोन पोट्टे पाठवतो ना मी. कधीही फोन करा. रात्री दोन वाजता करा."

मला वाटलं, आता फलाटाच्या आवाजात काहीतरी ऐकायला मिळणार. पण बाई अगदी हळू बोलल्या. "बाप्पा बाप्पा. साऱ्या नागपुरात मले एकटी सोडणारा एक माणूस नाही काय?"

खरंच नव्हता. रागावणार कुणावर? गुलाबभाऊंनी आयुष्यात पातळ काही केलेलं नव्हतं. पातळ काम म्हणजे लबाडी, हे त्यांच्या हाडात बसलेलं, आणि आवडत्या माणसासाठी पातळ काम म्हणजे तर पापच. बाईंनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, "बरं. हा डोंगा डोक्यावर घ्या आन् हत्तीपासून त्या पिंपळापर्यंत जाऊन या. एकटे. कोणी हात लावायचा नाही."

गुलाबभाऊ हसत हसत डोंग्याखाली शिरले. बोळातली पन्नास माणसं तमाशा बघायला उभी राहिली. पिंपळ दोनशे पावलांवर असेल. ऐंशी पावलांवर ते थांबले, पुन्हा निघाले, वळणावर डोंगा त्यांनी एका स्कूटरवर टेकवला आणि बाहेर येऊन शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"किती वर्षांचे तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"पंचेचाळीस."

बाईंनी स्वतःचं वय सांगितलंच नाही. गुलाबभाऊंनी डोंगा स्कूटरवरून उतरवला. मग म्हणाले, "ताई, दुसरा करतो. पण मन नाही मानून राहिलं."

दुसरा करताना ते कोणाशी नीट बोलत नव्हते म्हणे. मी एका रविवारी बाईंबरोबर गेले तेव्हा ते डोंग्याच्या पोटाला अंगठ्याने दाबून बघत होते आणि स्वतःशीच पुटपुटत होते, "पापड केला मी. पापड." पण हात त्यांचा कसबी होता. जिथे माणूस बसतो आणि जिथे डोंगा तळाला घासतो तिथेच कापड दुहेरी, बाकी सगळं एकेरी. वरच्या काठाला बांबूची चिरफळी, म्हणजे ताठपणा येईल आणि वजन नाही. मधोमध खांद्यांवर टेकायला आडवी पट्टी. तयार झाल्यावर बाईंनी टोक उचललं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. काट्याने सतरा किलो आठशे दाखवले. मी बोळात टाळ्या वाजवल्या. गुलाबभाऊ आपल्या प्रत्येक कुलरवर दुकानाचं नाव रंगवतात. या डोंग्यावर त्यांनी रंगवलं नाही. लाज वाटते म्हणाले.

पहिल्या डोंग्याचं काय करायचं हा प्रश्नच नव्हता. बाईंच्या गावच्या तळ्यावर मासेमारांची संस्था होती. तो जड डोंगा टेम्पोतून तिकडे गेला. त्यांनी पाण्यात घातला, तिघं बसले, उभे राहिले, जाळं ओढलं, आणि एकमुखाने म्हणाले की अशी मजबूत वस्तू पाहिली नाही. हे कळल्यावर गुलाबभाऊ आठ दिवस खुशीत होते. आणि त्या खुशीच्या देवाणघेवाणीत बाईंना तळ्याच्या मधल्या रिकाम्या टेकाडावर एक रात्र राहायची परवानगी मिळाली. अध्यक्षांनी लगेच जोडलं, "पण बाई, एकट्या नका जाऊ. दोन माणसं देतो बरोबर." मग आमची बरीच रदबदली झाली. शेवटी असं ठरलं की अडचण आलीच तर बाईंनी टेकाडावरून टॉर्च हलवायचा, तोवर कुणी तिकडे फिरकायचं नाही.

सराव झाला तो काटोलकडच्या एका भाच्याच्या संत्र्याच्या बागेत. तिथे शेततळं होतं. बाईंना पोहता लहानपणापासून येत होतं, अंगात लाइफ जॅकेट होतं, तरी पहिल्या दिवशी डोंग्याने त्यांना चार वेळा पाण्यात टाकलं. मी काठावर घाबरून मोजत होते आणि त्या पाण्यात हसत होत्या. असं खदखदून हसताना मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. पाचव्या वेळी त्या बैठकीवर न बसता गुडघे टेकून बसल्या, आणि डोंगा एकदम शहाण्यासारखा उभा राहिला. दोन्ही टोकांना पाती असलेलं लांब वल्हं त्यांनी डावीकडे, उजवीकडे फिरवलं आणि त्या तळ्याच्या मध्यावर गेल्या. संत्री तोडणाऱ्या बाया काम सोडून काठावर आल्या. एकीने विचारलं, "काहून वं माय, या वयात?" बाई तिथून ओरडल्या, "याच्या आधी टाइम नव्हता!"

थंडी सुरू झाली आणि जायचा दिवस ठरला. बाईंनी सामान बांधायला घेतलं ते पार्सल ऑफिसच्या पद्धतीने. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी, चिठ्ठीवर नाव आणि वजन. तंबू, एक किलो नऊशे. पांघरूण, अकराशे. चूल, तांदूळ, डाळ, पाणी, औषधं. मी भेट म्हणून स्टीलचा डबा आणला होता, तो तोलून परत दिला. सगळं एका पाठपिशवीत बसवलं, तोलून चिठ्ठी लावली. दुसऱ्या दिवशी जेवून निघताना पिशवी उचलली आणि तिथेच उभ्या राहिल्या.

"सुमन, काय टाकलं याच्यात?"

"काही नाही ताई."

"सहाशे ग्राम जास्त आहे."

सुमनकाकूंनी पदर तोंडाला लावला. बाईंनी पिशवी उघडली. तळाशी चिवड्याची पुडी, लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि देवापुढचा अंगारा निघाला. "तुम्हाला सकाळी लोणच्याशिवाय घास जात नाही," काकू म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. बाईंनी बरणी तळहातावर दोनदा वरखाली केली. मग त्यांनी पिशवीतून स्वतःची शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि बरणी आत घातली. चिवडा परत दिला. अंगाऱ्याला वजन नसतं म्हणाल्या.

वसंतरावांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. "ताई, मी काठावर बसतो ना. झाडामागं. तुले दिसणारच नाही."

"तू झाडामागं बसला तर मी एकटी कशी गा?"

"तुले माहीतच नाही पडणार."

"मले वजन कळते, वसंता," त्या म्हणाल्या.

माझ्या गाडीच्या टपावर डोंगा बांधून आम्ही तिघं निघालो. तळ्यापाशी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. गाडीपासून पाणी शंभरेक पावलांवर होतं. बाईंनी दोऱ्या सोडल्या. डोंगा टपावरून अलगद अंगावर घेतला, मांडीवर टेकवला, एक दम घेतला आणि एका झटक्यात उलटा करून खांद्यांवर घेतला. खाली दोन पांढरे बूट तेवढे दिसत होते. वसंतरावांचे दोन्ही हात आपोआप पुढे गेले. मी त्यांची बाही धरली. बूट चालत निघाले. मध्ये एकदा एका दगडापाशी डगमगले, तेव्हा वसंतरावांनी माझा हात इतका घट्ट दाबला की दोन दिवस दुखत होता. डोंगा पाण्यात टेकला त्याचा आवाजही झाला नाही. मग त्या परत आल्या, पिशवी नेली, वल्हं नेलं. "उद्या सकाळी आठ वाजता याच जागी," म्हणाल्या आणि गेल्या. तो निळा ठिपका टेकाडाला लागेपर्यंत आम्ही उभे होतो.

वसंतराव आणि मी गावातच त्यांच्या चुलत भावाकडे मुक्कामाला राहिलो. सकाळी आठाला पोह्यांचा डबा घेऊन आम्ही काठावर हजर. आठ वाजले, सव्वाआठ झाले. टेकाडावर तंबू दिसत होता, डोंगा दिसत होता, बाई दिसत नव्हत्या. नऊ वाजले. वसंतराव येरझारा घालू लागले. टॉर्च हलला होता का, हे त्यांनी जाळी काढणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारलं. आयुष्यभर वेळेवर पोचलेली बाई ती. साडेनऊला डोंगा हलला.

त्या सावकाश आल्या, अगदी रमतगमत. काठापासून वीसेक हातांवर त्यांनी वल्हं आडवं केलं आणि थांबल्या. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. मी अशी दमलेली आणि अशी आनंदी बाई पुन्हा पाहिली नाही.

"ताई!" वसंतराव ओरडले. "काय झालं? बरं नाही काय?"

"एकदम बरं आहे. मी आज येत नाही वसंता. उद्या येजो."

"काहून? एक रात्र म्हटली होती ना तू? झाली ना?"

"नाही झाली," बाई म्हणाल्या. त्या ओरडत नव्हत्या, तरी पाण्यावरून शब्द अन् शब्द येत होता. "काल मी एकटी कुठं होती? रात्रभर तुम्ही सारे डोक्यात बसून होते. तू जेवला काय, सुमन रडते काय, मीनलची गाडी बिघडली काय. पहाटे पहाटे एकेक जण उठून गेला. आता कोठं जागा रिकामी झाली आहे. आज राहून पाहतो."

मला काय वाटलं ते सरळच सांगते. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं. मी पोह्यांचा डबा उंच धरला. त्यांनी मान हलवली. नको म्हणाल्या, लोणचं आहे, भात आहे. मग वल्हं उजवीकडे टाकलं आणि डोंगा वळवला. एका फटक्यात वळला तो.

वसंतरावांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. साठी ओलांडलेल्या त्या पाठमोऱ्या बहिणीकडे बघत ते थोडा वेळ उभे राहिले. तिने त्यांना अंगाखांद्यावर वाढवलं होतं. मग डोळे पुसून मला म्हणाले, "चल बेटा. पाहत राहिलो तर तिले कळते."

आम्ही दोघं गाडीकडे निघालो आणि गाडीपर्यंत एकदाही मागे वळून पाहिलं नाही.